शंभर धाग्यांची रेघ

वहीफणीच्या कामाला, म्हणजे माग सुरू होण्याआधी त्याचे उभे धागे ओवायला, दोन माणसं लागतात. एक बीमच्या, म्हणजे धागे गुंडाळलेल्या रुळाच्या, मागे बसतं, एक पुढे. मागचं माणूस धागा वेगळा करून पुढे देतं. पुढचं माणूस आकडीने तो आधी वहीतल्या, म्हणजे धागे वर-खाली उचलणाऱ्या चौकटीतल्या, तारेच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घेतं. चादरीच्या एका बीमला अडीच हजारांच्या आसपास धागे असतात. जुनंच डिझाइन असेल तर धाग्याला धागा गाठून भागतं. डिझाइन नवं असलं की सगळे धागे पहिल्यापासून ओवावे लागतात. त्यात एक चुकला तर बीम संपेपर्यंत कापडावर रेघ दिसत राहते. ती धुऊन जात नाही.

हे काम मी एकतीस वर्षं केलं, सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात. गेल्या वर्षी मार्चमध्ये निवृत्त झालो. माझ्या हाताखाली सतरा जण हे काम शिकले, त्यातले चार टिकले. सिद्धेश्वरी त्या चारांतली. हे लिहितोय ते तिच्याबद्दल. त्यात माझी एक मोठी चूक आहे, तीही लिहिणार आहे.

ती वळसंगची. घरी कन्नड, शाळेत मराठी. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तेवीस वर्षांची होती, कारखान्यात आली तेव्हा सव्वीस. नवरा संगमेश टेम्पो चालवतो. सासू अक्कम्मा घर चालवते. पहिल्या दिवशी मी तिला म्हणालो, "हात दाखव." तिने दाखवले. भुईमूग उपटून बोटांना भेगा पडलेल्या.

"सूत अडकतं ह्यात. आठ दिवस खोबरेल लाव, मग ये."

बहुतेक जण असं सांगितल्यावर परत येत नाहीत. ही नवव्या दिवशी आली. बोटं मऊ होती आणि पिशवीत तेलाची बाटली होती. "संपली न्हाय अजून, म्हणून आणली," म्हणाली.

सहा महिन्यांत तिचा हात बसला. माझी एक पद्धत होती. शंभर धागे झाले की भिंतीवर खडूची एक रेघ ओढायची आणि रेघेखाली किती मिनिटं लागली ते लिहायचं. हे मालकासाठी नव्हतं. कोणाचा हात कधी ढिला पडतो ते मला कळावं म्हणून होतं. सिद्धेश्वरीच्या रेघांखाली सात, सात, सात असायचं. दिवसभर सात. तिच्या बीमवर चुकीचा धागा शोधायला मी दोनदा भिंग घेऊन बसलो. सापडला नाही.

२०२३च्या दिवाळीनंतर हे बिघडलं.

सकाळी ती पूर्वीसारखीच असायची. अकरा वाजले की आकडी रेंगाळायची. मी दिलेला धागा सोडून ती त्याच्या शेजारी हवेत आकडी घालायची. डावी पापणी अर्धी खाली यायची. शेजारच्या टेबलावर घडी घालणाऱ्या बायका हसायच्या.

"रातभर मोबाईल बघती वाटतं."

"नवरा टेम्पो घेऊन बाहीर, हिला झोप कशाला यील?"

सिद्धेश्वरीही हसायचा प्रयत्न करायची. पण ओठांची टोकं वर जायचीच नाहीत. चेहरा रागावल्यासारखा दिसायचा. बायका म्हणायला लागल्या, हिला लई ताठा आलाय.

"झोप झाली न्हाय का?" मी विचारलं.

"झालीय की मामा."

"मग डोळे का मिटतात?"

तिने पुढच्या धाग्यासाठी आकडी पुढे केली.

मला सबबी चालत नाहीत. मी स्वतः अंगात ताप असताना बीम पुरं केलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्यानेही करावं असं मला वाटायचं. मी तिला टाकाऊ सुताची एक लड दिली. "रोज संध्याकाळी घरी दोनशे गाठी मारायच्या. सरावाने हात बसतो."

तिने तीन आठवडे ते केलं. रोज सकाळी गाठींची माळ आणून माझ्यापुढे ठेवायची. पहिल्या पन्नास गाठी घट्ट असायच्या. शंभराच्या पुढे सैल. शेवटच्या तर नुसती फुंकर मारली तरी सुटायच्या. एकदा मी ती माळ तिच्यासमोर धरली.

"ही बघ. हितनं पुढं तू कंटाळलीस."

"न्हाय मामा," ती म्हणाली. "हितनं पुढं हात माझा न्हवता."

मी ती सबब धरली. मालक चन्नवीर यांना जाऊन सांगितलं की वहीफणीवरून हिला काढा, घडीखात्यात घाला. ते म्हणाले, "शिकवलं तुमी, मग तिला सांगा बी तुमीच." सोमवारी सांगायचं ठरलं.

शनिवारी दुपारी आम्ही नेहमीसारखे भिंतीला टेकून जेवायला बसलो होतो. तिच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. भाकरीचा पहिला तुकडा तिने कडाकड चावला. दुसराही. तिसऱ्याला चावणं मंदावलं. मग तिने डावा हात हनुवटीखाली धरला आणि जबडा हाताने वर ढकलू लागली. चौथा तुकडा दह्यात बुडवून मऊ केला. तो गिळून पाणी प्यायली, तर पाणी नाकातून आलं. तिने पटकन पदर लावला आणि तोंड भिंतीकडे केलं. उरलेली भाकरी परत फडक्यात बांधली.

सकाळी सातपासून तिने काही खाल्लं नव्हतं, हे मला माहीत होतं.

माझा घास हातातच राहिला. कामचुकार माणूस काम चुकवतं. भाकरी कोण चुकवतं?

"दात दुखतो का?"

"न्हाय." आवाज नाकातून येत होता, सर्दी झाल्यासारखा.

"मग?"

"जबडा दमतो मामा. सकाळची भाकरी जाती. दुपारची जात न्हाय."

मी डबा बाजूला ठेवला. "आणि काय दमतं?"

तिने आधी बायकांकडे पाहिलं. त्या लांब होत्या. "केस बांधायला हात वर ऱ्हात न्हाईत. अत्ती बांधून देतात." अत्ती म्हणजे सासू. "आणि धागे दोन-दोन दिसतात. एकाला लागून एक. खरा कुटला ते कळत न्हाय."

"कधीपासनं?"

"तीन महिने झाले."

"सांगितलं का न्हाईस?"

"दोन दिसतात म्हणल्यावर तुमी मला हितं बसू दिलं असतं व्हय?"

नसतं दिलं.

ती उठून गेल्यावर मी भिंतीपुढे उभा राहिलो. आठवड्याच्या रेघा तशाच होत्या. दर तासाची एकेक रेघ वाचत गेलो. सोमवार: सात, सात, आठ, अकरा, चौदा. जेवणाची सुट्टी. नऊ, तेरा, सतरा. मंगळवारही तसाच. बुधवारही. चुकारपणा मी खूप पाहिलाय, त्याला असा नेम नसतो. मालक फेरीवर आले की कामचुकाराच्या रेघांखालचे आकडे उतरतात. बुधवारी मालक तासभर खात्यात उभे होते, तरी हिच्या रेघेखाली सतराच लिहिलेलं होतं. आकडे मीच लिहिले होते. तीन महिने रोज लिहिले आणि एकदाही वाचले नाहीत.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. अक्कम्मा दारातच भेटली.

"तुमीच व्हय ते गाठी मारायला लावणारे?"

"व्हय. मीच."

"दोनशे गाठी! माझी सून गाठी मारून पडली की ताटसुद्धा उचलवत न्हाय तिला. मी रोज शेक देती, गरम पाण्यानं न्हाऊ घालती, तरी उलटं फडक्यावानी पडती."

चष्मा झाला होता, टॉनिक झालं होतं, दृष्ट काढून झाली होती. संगमेश कोपऱ्यात उभा होता. तो सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाची अवजड काठी पेलणाऱ्यांपैकी, भरभक्कम माणूस. माणसाचं बळ दुपारी बारा वाजता कुठे जातं, हे त्याला कळत नव्हतं.

"सोमवारी मेंदू-नसांच्या डॉक्टरकडं जायचं," मी म्हणालो. "भिंतीचा फोटो मी काढलाय. तो दाखवायचा."

"भिंतीचा?" संगमेशने विचारलं.

"भिंतीचा."

डॉक्टर बाई होत्या. श्रावणी मॅडम. माझ्या मुलीपेक्षा लहान. फोटो मोठा करून त्यांनी बराच वेळ पाहिला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही यांचे कोण?"

"काम शिकवणारा," म्हणालो.

त्यांनी सिद्धेश्वरीला छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटही झालं नाही, डावी पापणी खाली आली. मग त्यांनी बर्फ मागवला. रबरी मोज्यात बर्फ भरून, तोंड बांधून, तो तिच्या मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. काढला तेव्हा डोळा टक्क उघडा. उजव्याच्या बरोबरीने.

"अय्यो!" अक्कम्मा खुर्चीतून उठली. "आणि मी शेक देत हुते की गं माझे आई!"

"उन्हाने, गरम पाण्याने हे वाढतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळणार? पण आता शेक बंद."

पुढच्या खोलीत एक यंत्र होतं. तिच्या मनगटाला तारा लावल्या. यंत्र नसेला बारीक झटके देई, अंगठ्याचा स्नायू उडे आणि पडद्यावर त्याची उंची दिसे. पहिली रेघ उंच. दुसरी जरा बुटकी. तिसरी आणखी. चौथी आणखी.

"इथे ती स्वतःहून काहीच करत नाहीये," मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. "झटका यंत्र देतंय, ताकद तरी उतरतेय. आता सांगा, तुमच्या भिंतीवर काय होतं?"

सिद्धेश्वरी पडद्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मला वाटतं तिला बरं वाटत असावं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या बाजूने साक्ष दिली होती.

आजाराचं नाव मायस्थेनिया. रक्ताच्या तपासणीत तो पक्का झाला. छातीच्या स्कॅनमध्ये मधल्या हाडामागे एक ग्रंथी मोठी झालेली दिसली. तिचं नाव थायमस. पुढच्या भेटीत मॅडमनी कागदावर काढून समजावलं. मला समजलं तसं लिहितो.

शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या एका जातीला टी पेशी म्हणतात. त्या हाडांच्या मगजात जन्मतात आणि कच्च्याच थायमसमध्ये येतात. तिथे त्या पक्क्या होतात आणि तिथेच त्यांची तपासणी होते, दोनदा. पहिली तपासणी: आपल्या शरीरातल्या पेशी आपल्या अंगावर जी खूण दाखवतात ती तुला ओळखता येते का? येत नसेल तर ती पेशी तिथेच मरते. दुसरी: आपल्याच शरीराच्या तुकड्यावर तू धावून जातेस का? जात असेल तर तीही बाद. काहींना बाद न करता वेगळं काम देतात, बाकीच्यांना आवरण्याचं. जिथे जंतू आलाय तिथे टी पेशी सूज आणतात, उष्णता आणतात, इतरांना कुमक बोलावतात. काम झालं की या आवरणाऱ्या पेशी ते थांबवतात. सूज उठणंही गरजेचं आणि ओसरणंही.

"शंभरातल्या किती पास होतात?" मी विचारलं.

"तीन-चार. कधी त्याहून कमी."

"म्हणजे शहाण्णव बाद? असा कारखाना आठ दिवस चालायचा न्हाय, मॅडम."

"हाच चालतो. आणि चालतो म्हणून आपण बसलोय इथे."

"मग माझ्या सुटल्या कशा?" सिद्धेश्वरीने विचारलं. "बाद व्हायच्या त्या?"

"थोड्या सगळ्यांच्याच सुटतात. बहुतेकांच्या बाहेर आवरल्या जातात. तुमच्या का आवरल्या गेल्या नाहीत ते नक्की कोणालाच माहीत नाही." मॅडमनी नस आणि स्नायू यांच्यामधली जागा काढली. नसेचा निरोप स्नायूला जिथे मिळतो, तिथे छोटी छोटी दारं असतात. सिद्धेश्वरीच्या सुटलेल्या टी पेशींनी दुसऱ्या पेशींना चिथवलं होतं आणि त्यांनी बनवलेलं द्रव्य त्या दारांना जाऊन चिकटत होतं. दारं कमी उरलेली. पहिले निरोप पोचतात. लागोपाठ पाठवत गेलं की पोचेनासे होतात. विसावा घेतला की पुन्हा पोचतात.

"म्हणजे ही मेहनत घेत हुती," मी म्हणालो.

"तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही हात एकदा सांगून उचलता. ती दहा वेळा सांगत होती."

रिक्षात बसल्यावर मी सिद्धेश्वरीला म्हणालो, "गाठींचं चुकलं माझं."

"शेवटच्या गाठी सैल हुत्या, हे तर खरंच की मामा," ती म्हणाली.

गोळ्या सुरू झाल्या. एक गोळी घेतली की तीनएक तास जुनी सिद्धेश्वरी परत यायची, मग उतरायची. सुटलेल्या पेशींना दाबणारं दुसरं एक औषध होतं, त्याचा जोर यायला महिने लागणार होते. ती मोठी झालेली ग्रंथी काढायचं ऑपरेशनही मॅडमनी सुचवलं, ते अंगात थोडं बळ आल्यावर. तोवर एक गोष्ट सांभाळायची होती: श्वास. छातीचे स्नायूही दमू शकतात. मॅडमनी घरी करायची परीक्षा शिकवली. एक मोठा श्वास घ्यायचा आणि त्या एकाच श्वासात एक, दोन, तीन असं जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणायचं. सिद्धेश्वरीचा आकडा त्या दिवशी बत्तीस आला. पंचविसाच्या खाली गेला तर फोन करायचा. विसाच्या खाली, तर थेट दवाखाना.

अक्कम्माचा रोज सकाळी मला फोन यायचा. नमस्कार नाही, काही नाही. "मूवत्तेरडू" म्हणायची आणि ठेवून द्यायची. कन्नडमध्ये बत्तीस. मी घरच्या भिंतीवर खडूने लिहायचो. बायको म्हणाली, कारखाना घरात आणला व्हय. पण पुसलं नाही.

मे महिन्यात पारा त्रेचाळीसला गेला. सिद्धेश्वरीचा घसा बसला, बारीक ताप आला. सोमवारी तीस. मंगळवारी सव्वीस. बुधवारी सकाळी तेवीस. मी म्हणालो डॉक्टरांना फोन करा. केला. आजच दाखवायला या म्हणाल्या. संगमेश वैरागला माल टाकायला गेलेला. तो दुपारी येईल, ऊन उतरलं की टेम्पोतनं नेऊ, असं घरात ठरलं. साडेअकराला अक्कम्माचा पुन्हा फोन. या वेळी मराठीत.

"पंधरा. मामा, पंधराच म्हणाली. आणि मान धरवत न्हाय तिला."

"ऊन उतरायची वाट बघू नगा. मी रिक्षा घेऊन येतो."

रिक्षात ती माझ्या आणि अक्कम्माच्या मध्ये होती. अक्कम्माने दोन्ही हातांनी तिची मान धरली होती. सिद्धेश्वरी मोजायला बघत होती. "नऊ," म्हणाली आणि थांबली. मी म्हणालो, "मोजू नगं आता. नुसता श्वास घे." आयुष्यात मी कोणाला मोजू नको म्हणालेलो ती पहिली वेळ.

तिला लगेच आत घेतलं. श्वासाला यंत्राचा आधार दिला. रक्तातला पातळ भाग काढून, त्यातलं ते चिकटणारं द्रव्य बाजूला करून, रक्त परत द्यायचे. दिवसाआड असं पाच वेळा. मॅडम मला बाहेर येऊन म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर फार अवघड झालं असतं." संगमेश धुळीने भरलेला तसाच भिंतीला टेकून खाली बसला. भक्कम माणूस कसा बसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

आठव्या दिवशी काचेतून तिने मला बोटं दाखवली. दोन वेळा दहा, मग चार. चोवीस.

आता ऑपरेशनचं बोलणं निघालं. अक्कम्माने मान हलवली. "बेडा. नको. छाती उघडायची न्हाय. आणि ते शिपाई तयार करणारी जागाच काढून टाकली तर उद्या सर्दी झाली तरी मरंल की पोरगी."

प्रश्न बरोबर होता. मॅडमनी टाळला नाही. "ग्रंथीचं सगळ्यात मोठं काम लहानपणी होतं. हिच्या लढणाऱ्या पेशी कधीच्याच बाहेर पडून अंगभर पसरल्यात, त्या राहणार. म्हणून ग्रंथी अगदीच निरुपयोगी असते असं मी म्हणणार नाही. कारण नसताना ती काढू नये. पण या आजारात, या वयात, काढल्याने ताकद वाढते आणि औषध कमी लागतं, हे नीट तपासून पाहिलेलं आहे. सगळ्यांना सारखा फायदा होत नाही. आणि लगेच तर कोणालाच होत नाही."

सिद्धेश्वरी उशीला टेकून होती.

"अत्ती," ती म्हणाली, "तुमी रोज सकाळी माझे आकडे मोजता. अजून किती वर्सं मोजणार?"

"मरस्तोवर मोजीन. माझं काय जातंय?"

"मला धागे मोजायचेत."

अक्कम्माने पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, "केस मात्र मीच बांधणार. ते आधी सांगून ठेवती."

ऑगस्टमध्ये ग्रंथी काढली. भोवतालच्या चरबीसकट मूठभर. गाठ कसली नव्हती. पण तपासणीत आत सूज आढळली. या वयात जी जागा बहुतेक चरबी होऊन शांत व्हायची, तिथेच ते चिकटणारं द्रव्य बनवणाऱ्या पेशींचे पुंजके बसले होते.

मला वाटलं, चूक करणारी जागा निघाली, आता महिन्यात हात सुधारेल. पहिला महिना काही नाही. दुसरा काही नाही. मी मॅडमना जाऊन म्हणालो, हे काय झालं?

"नव्याने बिघाड होणं थांबलं. आधीच बाहेर पडलेल्या आहेत त्यांचा जोर ओसरायला वेळ लागणार. काही महिने, कदाचित दोन वर्षं."

हे मला आधीच कळायला हवं होतं. वहीफणीतली चूक सुधारली तरी चुकीचं विणलेलं कापड मागावरून सरकून जाईपर्यंत डोळ्यांसमोर राहतंच.

तेच झालं, हळूहळू. दिवाळीत ती दुपारची अर्धी भाकरी खाऊ लागली. संक्रांतीला पाऊण. मार्चमध्ये, मी निवृत्त झालो त्या आठवड्यात, अक्कम्माचा फोन आला.

"चव्वेचाळीस. आणि आज केस स्वतःच बांधले तिनं. मला इचारलं बी न्हाय." आवाजात रुसवा होता. तसा रुसवा रोज ऐकायला माझी हरकत नव्हती.

दवाखाना सुरू झाल्यापासून सिद्धेश्वरी घरीच होती. जूनमध्ये मी चन्नवीर मालकांकडे गेलो.

"तिला घडीखात्यात घाला म्हणालो हुतो. चूक हुती माझी."

मालकांनी चष्मा काढला. "एकतीस वर्सांत तुमच्या तोंडनं हा शब्द पहिल्यांदा ऐकतोय. पुन्ना म्हणा की."

"एकदा पुरे. तिला वहीफणीवर घ्या. सकाळी सात ते अकरा. मग तासभर विसावा, मग जमंल तेवढं. बीम एका दिवसात पुरं करायचं न्हाय, दोन सकाळींत करायचं. पंख्याखालची जागा द्यायची."

"आणि मागं धागा द्यायला कोण बसणार? तुमच्या हातानं तयार झालेला दुसरा माणूस सध्या दुसऱ्या पाळीला हाय."

"मी हाय की."

तेव्हापासून आठवड्यातल्या तीन सकाळी मी जातो. पूर्वीसारखीच ती पुढे बसते, आकडी तिच्या हातात. मी मागे. आता खडूही तिच्याकडे. सुरुवातीला अकरा वाजता रेघेखाली बारा यायचं. आकडा दहाच्या वर गेला की कोणी न सांगता तिने आकडी खाली ठेवायची आणि विसावा घ्यायचा, असा नियम मीच केला. तिला तो पाळायला जड गेलं. थांबणं हाही कामाचा भाग आहे, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. तिला एकतिसाव्या वर्षी कळायला काय हरकत आहे, असं मी तिला म्हणालो.

गोळ्या अजून आहेत, पण निम्म्यावर आल्या आहेत. दुसरं औषधही उतरत चाललंय. मॅडम म्हणतात पुढच्या वर्षी आणखी कमी करू. उन्हाळ्याची धास्ती आहे. दुपारच्या डब्याबरोबर अक्कम्मा आता बर्फाचा थर्मास पाठवते.

या जानेवारीत नव्या डिझाइनचं बीम आलं. दोन हजार सहाशे धागे. पहिल्या सकाळी तेराशे झाले. दुसऱ्या सकाळी आधी एका जुन्या डिझाइनच्या बीमच्या गाठी मारल्या आणि साडेदहाला पुन्हा या बीमवर बसलो. सात, सात, आठ, सात. अकरा वाजून गेले. मी म्हणालो थांब. ती म्हणाली, "आठच मिनिटं लागली मामा. आठाला थांबायचा नियम न्हाय." म्हणून पुढे चाललो. साडेअकराच्या सुमारास तिने आकडी पुढे केली आणि थांबली.

"मामा, दोन दिलेत."

मी तिच्या पापणीकडे पाहिलं. दोन्ही डोळे उघडे, सारखे.

"एकच दिलाय मी," म्हणालो.

"दोन हायत."

"एक डोळा झाकून बघ."

तिने झाकला. "अजून दोनच हायत. मला दिसायचे ते एक डोळा झाकला की एक व्हायचे. हे खरोखरचे दोन हायत. तुमचा चष्मा कुटाय?"

चष्मा खिशात होता. लावून पाहिलं. बोटात दोन धागे होते, एकमेकांना चिकटलेले. तिने ओढला असता तर सगळ्या चादरींवर रेघ पडली असती. एकतीस वर्षांत माझ्या हातून जे झालं नव्हतं ते झालं असतं.

"मामा दमले वाटतं," घडीच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं.

"रातभर मोबाईल बघत असतील," सिद्धेश्वरी म्हणाली. "थर्मासात बर्फ हाय. देऊ का?"

सगळ्या बायका हसल्या. तीही हसली, आणि हसू या गालापासून त्या गालापर्यंत गेलं. मी जास्तीचा धागा मागे सोडला, एक पुढे दिला. तिने तो ओढून घेतला.

बीम सव्वाबाराला पुरं झालं. शेवटच्या रेघेखाली तिने आठ लिहिलं. मी भिंग घेऊन बसलो नाही.